निळ्या दोराचे टोक

अंगठ्याएवढ्या जाडीचा निळा दोर. भाताच्या बांधीत रुतलेला, पोत्यांनी भरलेली ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर त्याने आठवड्यापूर्वीच ओढून काढला होता. तोच दोर मंडईच्या दिवशी एका मोटारीला बांधलेला असताना तुटला. तुटलेली टोके गुळगुळीत होती. त्यांवर एकही तंतू सुटलेला नव्हता.

दिवाळीनंतर अड्याळात मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरली की दंडारीची लोकनाट्ये असतात, मिठाईची दुकाने असतात, पाळणे असतात. गेल्या वर्षापासून त्यात एका कार्यक्रमाची भर पडली होती. गावाबाहेरच्या बंद राईस मिलच्या आवारात, जिथे पूर्वी उकडलेला उसना धान वाळत पडे त्या सिमेंटच्या ओट्यावर, तेजराम हटवारांचा मुलगा जीवन आपल्या जुन्या पांढऱ्या कॉन्टेसा गाडीचे टायर जाळून दाखवी. मंडईसाठी माहेरी आलेली मनाली रामटेके त्या दिवशी तिथे होती. ती भंडाऱ्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवी. असले खेळ तिला आवडत नसत. पण तिचा धाकटा भाऊ अंकुश त्यात होता, म्हणून ती गेली होती.

खेळ दिसायला सोपा आणि करायला अवघड होता. मागच्या चाकांवर चालणारी गाडी घ्यायची, इंजिनाचा वेग वाढवून क्लच झटक्यात सोडायचा आणि पुढची चाके ब्रेकने जागीच धरून मागची गरगर फिरवायची. पेडल तीन आणि पाय दोन, त्यामुळे क्लच सोडताच डावा पाय ब्रेकवर न्यावा लागतो, आणि तोही बेताने दाबावा लागतो. जीवनला तो बेत कधी साधला नाही. ब्रेक जोरात दाबला की मागची चाकेही धरली जात आणि इंजिन बंद पडे. हलका दाबला की गाडी पुढे पळे. शेवटी त्याने घरचा तोडगा काढला. हटवारांच्या घरात तीन पिढ्या शंकरपटाचे, म्हणजे शर्यतीचे, बैल होते. पटात जोडी बिथरून आधीच पळू नये म्हणून ते तिला मागून खुंट्याला बांधून ठेवत, आणि खुंट्यापाशी विळा घेऊन एक माणूस उभा करत. बैलाच्या पायात दोर गुंतला तर त्याने तो कापायचा. जीवनने गाडी तशीच बांधली. मागच्या अ‍ॅक्सलपासून दोर घेतला, तो ओट्यात रोवलेल्या लोखंडी खांबाला आवळला आणि खांबापाशी विळा घेऊन अंकुशला उभे केले. आता ब्रेकची गरजच उरली नाही.

अंकुश आयटीआय झालेला मेकॅनिक होता आणि जीवनचा शाळेपासूनचा दोस्त. मंडईच्या आधी चहाच्या टपरीवर तो चारचौघांत म्हणाला होता, "तुले क्लच सोडता येत नाही, म्हणून गाडीले बैलावानी बांधून राहिला." टपरी हसली. जीवनने त्याच्या कानशिलात वाजवली. दुसऱ्या दिवशी जीवननेच त्याला निरोप पाठवला की खुंट्यापाशी तूच पाहिजे, दुसरा कोणी नको. अंकुश गेला. चापट सगळ्या गावाने पाहिली होती. निरोप कोणी पाहिला नव्हता.

पहिल्या दोन फेऱ्या छोट्या झाल्या. तिसऱ्या फेरीला जीवनने खिडकीतून हात काढून ओरडून सांगितले की आता टायर फुटेपर्यंत थांबणार नाही. आवाज मोठा व्हावा म्हणून त्याने सायलेन्सरचा डबा काढून सरळ नळी बसवली होती. ती मागच्या बंपरखाली मधोमध बाहेर येई. नळी गर्जू लागली, टायर किंचाळले, आणि पांढरा धूर आधी चाकांतून, मग गाडीभोवती, मग खांबाभोवती इतका दाटला की मनालीला आधी अंकुश दिसेनासा झाला आणि नंतर गाडीही. आवाज वाढतच गेला. जळक्या रबराने डोळ्यांना धारा लागल्या. मग धुरातून चाबूक ओढल्यासारखा एक कडकडाट झाला आणि गाडी सुटली.

समोर गोदामाची भिंत होती. गाडी तिच्यावर पूर्ण वेगाने आदळली. जीवनने पट्टा लावला नव्हता. स्टिअरिंगचा दांडा त्याच्या छातीत शिरला आणि डोके काचेतून अर्धे बाहेर आले. पाय अजून अ‍ॅक्सिलरेटरवर होता, त्यामुळे मागची चाके फिरतच राहिली, आणि भिंतीला चिकटलेली गाडी त्याच्या देहासकट थरथरत राहिली. इंजिन स्वतःहून बंद पडेपर्यंत कोणाला जवळ जाता आले नाही.

मनाली दुसऱ्या दिशेला धावली होती. अंकुश खांबापाशी आडवा पडला होता. परत उसळलेल्या दोराने त्याचा जबडा मोडला होता. खालचा ओठ हनुवटीपर्यंत फाटला होता आणि शर्टावर दोन दात पडले होते. उजव्या मुठीत विळा होता. ती त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधी जीवनचा चुलतभाऊ गोलू पोहोचला. ओट्यावर पडलेले दोराचे टोक त्याने उचलले, चटकन टाकले, हात झटकला आणि पुन्हा उचलून लोकांना दाखवले.

"पाहा. तुटला असता तर झुरमुळ्या निंगाल्या असत्या. हा कापला हाय."

आणि त्याने अंकुशच्या मोडलेल्या जबड्यावर लाथ घातली.

त्यानंतर किती जणांनी मारले हे मनालीला सांगता आले नसते. ती भावाच्या अंगावर पडली होती आणि तिच्या पाठीवर बसणारे पाय तिला दिसत नव्हते. हाड मोडल्याचा आवाज तिने दोनदा ऐकला. एक तिच्या करंगळीचे होते. दुसरे अंकुशच्या बरगडीचे असावे असा तिने अंदाज केला. मंडईच्या बंदोबस्तातले पोलीस आले म्हणून तो वाचला, आणि पोलीस आले म्हणूनच त्याला अटकही झाली.

भंडाऱ्याच्या इस्पितळात, पहाऱ्यावरच्या शिपायाच्या देखत, तिने तारांनी बांधलेल्या तोंडाकडे पाहत विचारले, "अंकुश, दोर कापला का तू?"

त्याने मान हलवली. नाही.

मनालीने त्याचा हात दाबला. पण तिच्या मनाने त्या नकाराची नोंद पुरावा म्हणून घेतली नाही. न कापणारा नाही म्हणतो, आणि कापणाराही नाहीच म्हणतो. चापट खरी होती. विळा खरा होता. धुरात त्याने काय केले हे कोणीही पाहिले नव्हते, तिनेही नाही. भाऊ आहे म्हणून तो निर्दोष, असे मानायला ती तयार नव्हती, आणि या गोष्टीची तिला लाज वाटली, तरी ती तयार झाली नाही.

गावात तोवर निकाल लागून गेला होता. जीवनला अग्नी देऊन परतलेल्या माणसांनी टोली या वस्तीवर येऊन रामटेक्यांच्या अंगणातली अंकुशची मोटारसायकल पेटवली. खिडक्यांवर विटा पडल्या. मनालीची आई, रत्नमाला, दार लावायला पुढे झाली तेव्हा एक वीट तिच्या गळपट्टीच्या हाडावर बसली. हात गळ्यात बांधून ती खाटेवर बसून राहिली आणि मनाली भंडाऱ्याहून परत आली तेव्हा एवढेच म्हणाली, "उद्या त्याले पवनीच्या कोर्टात नेऊन राहिले. गाडी अड्याळवरूनच जाते, बाई."

ते सर्वांनाच माहीत होते. भंडाऱ्याहून पवनीला जाणारा रस्ता गावातून जातो. गोलूने तो ट्रॅक्टर आडवे लावून अडवायचा आणि अंकुशला गाडीतून खाली घ्यायचे असे ठरवले होते, आणि ते लपवलेही नव्हते. मनालीने ठाण्यात सांगितले. तिथे तिला उत्तर मिळाले की बंदोबस्त आहे. मंडईतही बंदोबस्त होता.

म्हणून ती राईस मिलवर गेली. गाडी अजून भिंतीतच होती. सिमेंटवर टायरचे दोन काळे पट्टे होते. वाळलेल्या रक्तावर माश्या होत्या. मनाली पाठीवर झोपून मागच्या बंपरखाली सरकली. अ‍ॅक्सलला बांधलेली गाठ तशीच होती. गाठीपासून निघालेला दोराचा तुकडा बंपरपर्यंतही पोहोचत नव्हता. म्हणजे दोर खांबापाशी नव्हे, गाडीच्या पोटाखाली तुटला होता. तिथे विळा पोहोचवायचा तर माणसाला धुरात, फिरत्या चाकांच्या मधून रांगत जावे लागले असते. अशक्य नव्हे; पण वेडेपणाचे. तिने टोकाला बोट लावले. ते गारगोटीसारखे कडक होते. मग तिने वर पाहिले. टोकाच्या बरोबर वर सरळ नळी होती, आणि नळीच्या खालच्या अंगाला काळे कवच धरलेला एक ओघळ. नखाने कवच उचकटले. आत निळा रंग होता.

आपण ज्याची आशा धरली होती तेच आपल्याला दिसले आहे, म्हणून आता अधिक संशय घ्यायला हवा, असे तिने स्वतःला बजावले. मग उठून ती थेट हटवारांच्या घरी गेली.

अंगणात दहा-बारा माणसे होती. भिंतीला काठ्या टेकवल्या होत्या. तेजराम ट्रॅक्टरच्या चाकाला पाठ लावून बसला होता आणि दोराचा लांब तुकडा त्याने खांद्यावरून काखेत गुंडाळून घेतला होता. पोलिसांनी विळा नेला होता. दोर मात्र त्याने दिला नव्हता. जीवनच्या हाताने बांधला होता तो, गाठसुद्धा जीवनचीच होती.

"पाहा, मॅडम आल्या," गोलू म्हणाला. "शिकवाले आल्या का शिकाले?"

"तेजरामकाका," मनाली म्हणाली, "मले तुमच्याशी बोलाचं हाय."

"बोल." तेजरामने वर पाहिले नाही. "उद्या तुह्या भावाशी मी बोलतो."

"उद्याच्या आधी एक काम करा. हा दोर विळ्यानं कापा. माह्यासमोर."

गोलूने उलट्या हाताने तिच्या तोंडात मारली. ती ट्रॅक्टरच्या मडगार्डवर आपटली. ओठ फुटून रक्त हनुवटीवर आले. तिने ते पुसले नाही, कारण करंगळी बांधलेली होती आणि दुसऱ्या हाताने ती मडगार्डला धरून उभी होती. माणसे उठली. एकाने काठी घेतली.

"पोरीवर हात नको टाकू, गोलू." आवाज दारातून आला. जीवनची आई पार्वताबाई चौकटीला टेकून उभी होती. जीवन गेल्यापासून ती कोणाशी बोलली नव्हती.

"कापून काय होईन?" तेजरामने विचारले.

"मले माहीत नाही," मनाली म्हणाली. "माहा भाऊ खोटा निंगाला तर उद्या मी गाडीसमोर येणार नाही. पण पहिले कापा."

तेजराम उठला. छपरात खोचलेला विळा त्याने ओढून काढला. क्षणभर तो विळ्याकडे आणि तिच्या गळ्याकडे पाहत राहिला. मग त्याने दोर पायाखाली दाबला आणि दोन झटक्यांत तो कापला.

कापताक्षणी दोराचे तीन पदर सुटून एकमेकांपासून वळले, आणि प्रत्येक पदराचे तंतू झाडूसारखे फिस्कटले.

"आता हे जुन्या टोकापाशी धरा," मनाली म्हणाली.

तेजरामने दोन्ही टोके दोन हातांत धरली. एक फुललेले. दुसरे बोंडासारखे बंद, निळे-काळे, टणक. त्याने नखाने पदर सोडवायचा प्रयत्न केला. पदर होतेच कुठे, सगळे एकजीव झाले होते.

"मंग कापून जाळलं असन," गोलू म्हणाला. "माचिसनं. हुशार हाय तो."

"जबडा मोडल्यावर?"

"त्याच्या पहिले."

"पहिले टोक जाळलं, मंग दोर सुटला?" तिने विचारले. "गोलूभाऊ, दोर तुम्हीच उचलला होता. उचलून टाकला काहून?"

गोलूने मूठ आवळली.

"हात दाखवा."

"तू कोण सांगणारी?"

"दाखव," तेजराम म्हणाला.

गोलूने मूठ उघडली नाही. तेजरामने त्याचे मनगट पिरगाळून ती उघडली. तळहाताच्या मधोमध रुपयाएवढा फोड फुटून लाल झाला होता, आणि त्याच्या काठाला कातडीत निळी खपली रुतलेली होती.

"घसटलं होतं," गोलू म्हणाला.

"विळ्यानं कापलेलं टोक हात भाजत नाही," मनाली म्हणाली. "ट्रॅक्टर चालू करा, काका."

तेजरामने तो स्वतः चालू केला आणि रेस वाढवून ठेवली. बॉनेटमधून वर निघालेल्या सायलेन्सरची नळी तापू दिली. मग दोराचे एक टोक त्याने मडगार्डला बांधले, दोर नळीला लावून पुढे घेतला आणि दुसरे टोक पकडून मागे रेलला. सुरुवातीला काही झाले नाही. एक जण हसला. नंतर नळीला टेकलेला भाग ओला झाल्यासारखा चकाकू लागला, त्यातून निळा थेंब घरंगळला आणि जळून काळा झाला. काळ्या धुराला मेणबत्तीचा वास होता. तेजरामने पाय रोवून आणखी ओढले. दोर गुळाच्या पाकासारखा तिथे बारीक झाला आणि फाटकन सुटला. हातातला तुकडा उलटा उसळून त्याच्या गालावर बसला आणि गाल कानापर्यंत फुटला. तो मागे पडला. उठून बसला तेव्हा रक्त गळ्यावरून सदऱ्यात उतरत होते, आणि तो हातातल्या टोकाकडे पाहत होता. ते बोंडासारखे बंद होते.

मनालीने गाडीखाली पाहिलेली नळी आणि ओघळ सांगितले. ज्याला खात्री नसेल त्याने जाऊन पाहावे, म्हणाली. दोघे जण गेलेही. बाकीचे बसून राहिले.

"मंग मागच्या साली काहून नाही तुटला?" तेजरामने विचारले. आता तो भांडत नव्हता. त्याला खरोखर उत्तर हवे होते. "हेच गाडी. हेच नळी. हाच खांब. जीवननं असाच जाळला होता टायर. पार फुटेवर जाळला."

मनालीला हे माहीत नव्हते. तिने तसे सांगितले.

"मागच्या साली अंबाडीचा दोर होता," पार्वताबाई दारातून म्हणाली. "पटातला, तुमच्या बापाचा. जीवन त्याले राती बादलीत टाकून ठेवे, मंग बांधे. यंदाही त्यानं काढला होता. तुम्ही म्हणाले, तो सडला, पोराले नवा देतो. म्हणाले, याले भिजवा लागत नाही." ती थांबली. "तो दोर अजून बादलीतच हाय."

तेजराम उठून चालू ट्रॅक्टरपाशी गेला आणि त्याने उजवा तळहात नळीवर ठेवला. लोकांना कळेपर्यंत कातडी नळीला चिकटली होती. गोलूने त्याला मागून कवेत धरून ओढले तेव्हा तळहाताचा पापुद्रा नळीवरच राहिला. तेजराम ओरडला नाही. ट्रॅक्टर कोणीतरी बंद केला.

दुसऱ्या दिवशी पोलिसांची गाडी अड्याळवरून पवनीला गेली. रस्त्यावर ट्रॅक्टर नव्हते. गाडीच्या मागोमाग तेजराम, हाताला फडके गुंडाळून, निळा आणि अंबाडीचा असे दोन्ही दोर पिशवीत घेऊन एसटीने कोर्टात गेला.

दोर तुटण्याचे कारण असे होते. बाजारात ज्याला नायलॉन म्हणतात तो हा निळा दोर पॉलिप्रोपिलीनचा होता. ते सुमारे एकशे पासष्ट अंशांवर वितळते आणि ताणाखाली त्याच्याही आधी मऊ पडते. मागच्या चाकांनी जोर घेतला की गाडीचा मागचा भाग खाली दबे आणि सरळ नळी दोरावर टेके. पहिल्या दोन फेऱ्यांत नळी पुरेशी तापली नाही. तिसऱ्या, लांब फेरीत तापली. अंबाडी वितळत नाही, आणि भिजलेल्या दोरातले पाणी आटेपर्यंत त्याचे तापमान शंभर अंशांच्या फारसे वर जात नाही. म्हणून आदल्या वर्षी तीच नळी त्याच जागी टेकूनही दोर टिकला. शिवाय निळा दोर रबरासारखा ताणला जातो, म्हणून तो तुटल्यावर उसळला आणि त्याने अंकुशचा जबडा मोडला. विळ्याचा दोराशी संबंध आला नाही. जीवन मेला तो बापाने अधिक मजबूत म्हणून दिलेल्या नव्या दोरामुळे.